जावेच्या हातची गोळी

नागनदीच्या काठच्या त्या वस्तीत पंचफुलाला ओळखत नाही असं एकही घर नव्हतं. ती तिथली आशा सेविका. कुणाचे दिवस भरत आले, कुणाच्या लेकराची लस राहिली, कुणाच्या कूलरच्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या, सगळं तिला तोंडपाठ. खांद्याला पिशवी अडकवून ती गल्लीत शिरली की ओट्यावरच्या बायका जरा सावरून बसायच्या, आणि पंचफुलाला ते सावरून बसणं फार आवडायचं.

तिचं सगळ्यात अवघड काम म्हणजे हत्तीपायाच्या गोळ्या. वर्षातून एकदा ही मोहीम यायची. तापानं फणफणलेल्या माणसाला औषध घे म्हणून सांगावं लागत नाही. इथे मात्र ज्याला काहीच झालेलं नाही अशा धडधाकट माणसाला दारात उभं करायचं, उंची मोजायची आणि आपल्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायला लावायच्या. या रोगाचे जंतू रक्तात वर्षानुवर्षं गुपचूप राहतात, डास ते एकाकडून दुसऱ्याकडे नेतो, आणि पाय सुजलेला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. सगळ्या वस्तीनं एकदम गोळ्या घेतल्या तरच त्याला आळा बसतो. पंचफुला हे घसा सुकेपर्यंत सांगायची. लोक म्हणायचे, "ठेवून जा नं बाई, जेवल्यावर घेतो." ती गेल्यावर गोळ्या नालीत. म्हणून ती उंबऱ्यातच ठाण मांडून बसायची आणि कशीबशी अर्धी वस्ती पार पाडायची.

तिच्या धाकट्या दिराची, रोशनची बायको दीप्ती. घर एकच, चुली दोन, मधे सामाईक अंगण. दीप्ती भिवापूरकडची, लग्न होऊन आली तेव्हा मिरच्या तोडणारी बाई असते तशी चपळ होती. धाकटा मुलगा झाल्यानंतर तिला थंडी वाजून ताप यायला लागला, जांघेत गाठी यायला लागल्या, आणि हळूहळू डावा पाय गुडघ्याखाली सुजून जड झाला. कातडी राठ झाली, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. दीप्तीनं लुगडं खाली ओढून घेतलं आणि बाहेर पडणं सोडलं. बुद्धविहारात वंदनेलासुद्धा जाईना. कुणी पाहुणा आला की ती आतल्या खोलीत.

तिला त्या खोलीतून बाहेर काढलं ते पंचफुलानं. पाय कसा धुवायचा हे ती दवाखान्यातून शिकून आली. रोज सकाळी अंगणात पाटावर दीप्तीचा पाय घेऊन ती साबण लावायची, बोटांमधली जागा कोरडी करायची, मलम लावायची. दीप्ती लाजेनं मान फिरवून बसायची. वर्ष-दोन वर्षं हे चाललं. वारंवार येणारा ताप थांबला, जखमा भरल्या. पाय काही पहिल्यासारखा झाला नाही, पण दुखणं आटोक्यात आलं. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, "सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं पंचफुलानं." पंचफुला वरवर म्हणायची, "त्यात काय," आणि आतून फुलून यायची.

मग एका वर्षी मोहिमेच्या आधी दवाखान्याच्या नव्या डॉक्टर, रितिका मॅडम, विहारात सभा घ्यायला आल्या. पंचफुलानंच दीप्तीला आग्रह करून तिथे नेलं होतं. मॅडमचं बोलणं पुस्तकी वाटत होतं, लोक उठायच्या बेतात होते. तेवढ्यात दीप्ती उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं आणि म्हणाली, "हे पाहून घ्या. माह्या लग्नाच्या फोटोत माहे दोन्ही पाय सारखेच आहेत."

पुढे ती थोडंच बोलली. पण विहारात कुणी जागचं हललं नाही. त्या वर्षी लोकांनी हात पुढे करून गोळ्या मागितल्या.

तिथूनच पंचफुलाच्या पोटात दुखायला लागलं.

आधी तिला कळलंच नाही की हे काय आहे. दीप्तीला दुसऱ्या वस्त्यांतून बोलावणी येऊ लागली. सभेला गेली की तिच्यासाठी खुर्ची ठेवायचे आणि पंचफुला सतरंजीवर. मोहिमेच्या बॅनरवर दीप्तीचा हसरा फोटो आला. मोहिमेत दीप्ती आता पंचफुलाबरोबर घरोघर फिरायची, आणि नसली त्या दिवशी लोक आधी मागे बघायचे, "दीप्तीताई नाही आल्या?" एका घरातल्या नव्या सुनेनं सासूला विचारलं, "या कोण?" तर सासू म्हणाली, "या दीप्तीताईच्या जाऊबाई."

दीप्तीची जाऊ. पंधरा वर्षं या वस्तीची धूळ खाल्ली, आणि आता आपण दीप्तीची जाऊ झालो.

त्या रात्री जेवताना तिचा नवरा संघपाल म्हणाला, "काय बोलते वं दीप्ती. मी आज चौकात ऐकलं. अंगावर काटा आला." पंचफुलानं त्याच्या ताटात भात असा वाढला की वाटीतलं वरण सांडलं.

"मीबी तेच सांगतो नं वर्षानुवर्षं," ती म्हणाली.

"तू सांगते वं. पण तुहं सांगणं म्हणजे..." संघपालनं सांडलेलं वरण बोटानं पुसलं. "म्हणजे तुले झालं नाही नं काही."

ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी ती आपल्या पायांकडे बघत राहिली. सरळ, घोटीव, दिवसभर वणवण करूनही न दमणारे पाय. आणि तिच्या मनात आलं, की त्या एका सुजलेल्या पायानं दीप्तीला जे मिळालं ते या दोन पायांनी आपल्याला कधी मिळायचं नाही. विचार मनात आला तशी ती दचकली. भराभर पाणी अंगावर घेतलं आणि बाहेर आली. पण तो विचार काही पाण्याबरोबर वाहून गेला नाही.

दीप्ती बिचारी काही मिजास करत नव्हती. पण पंचफुलाला आता तिची प्रत्येक गोष्ट खुपायची. एकदा एका दारात पंचफुला एका माणसाला गोळ्या देत होती, तर दीप्ती मागून म्हणाली, "ताई, त्याइले आधी विचार, जेवले का. उपाशी पोटी नोको देऊ." बरोबरच होतं. पंचफुलानंच तिला ते शिकवलं होतं. पण चारचौघांत जावेनं आपल्याला शिकवावं, याचा तिला असा राग आला की घरी येईपर्यंत ती तिच्याशी बोलली नाही. पाय धुऊन देणं तर तिनं कधीच बंद केलं होतं. म्हणाली, "आता तुले येते नं सगळं. धुऊन घेत जा."

यंदाची मोहीम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती गिरणीवर दळण घेऊन गेली. तिथे बायजाबाई बसली होती. बायजाबाई म्हणजे वस्तीचा भोंगा; तिच्या कानात गेलेलं संध्याकाळपर्यंत नदीच्या पल्याड पोचायचं.

"उद्यापासून गोळ्या नं वं?" बायजाबाईनं विचारलं. "दीप्ती येईन नं? थे आली तरच घेतो मी. तिनं बिचारीनं गोळ्या नसतील घेतल्या पहिले, म्हणून झालं असंन तिले."

गिरणी घरघरत होती. पंचफुलाला काय झालं कुणास ठाऊक. ती म्हणाली, "नसतील कायले? घेतल्या नं. मीच देल्ल्या, दरवर्षी. मंग झाला का कमी पाय?"

एवढं बोलून तिनं डबा उचलला आणि चालू लागली.

बोलली ते खोटं नव्हतं. दीप्तीला रोग जडला तो वस्तीत गोळ्यांची मोहीम सुरू व्हायच्या कितीतरी आधी. गोळ्या रक्तातले जंतू मारतात. एकदा सुजून बसलेला पाय त्या उतरवू शकत नाहीत. ही पुढची गोष्ट पंचफुलाला पक्की ठाऊक होती. जिभेच्या टोकावर होती. तिनं ती सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या, तर पहिलंच दार अर्धं उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या घरी बाई म्हणाली, आमच्याकडे सगळ्यांना सर्दी आहे. तिसऱ्या घरात म्हातारा ओट्यावर बसला होता, त्यानं आडपडदा ठेवला नाही.

"आम्हाले नोको त्या गोळ्या. हिचा पाय गोळीनंच सुजला म्हणते."

दीप्ती हसली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "कोन म्हणते, बाबाजी?"

"सारी वस्ती म्हणून राहिली. दरसाल गोळ्या खाये, अन् दरसाल पाय फुगे."

दीप्तीचं हसू तसंच ओठांवर राहिलं आणि मग हळूहळू विझलं. तिनं लुगड्याचा काठ खाली ओढला. कितीतरी दिवसांत पंचफुलानं तिला असा काठ ओढताना पाहिलं नव्हतं.

खोटं कशाला सांगायचं, त्या घटकेला पंचफुलाला आत कुठेतरी गार वाटलं. जळत्या जागेवर कुणी ओला फडका ठेवावा तसं. पण ते चार घरं जाईपर्यंतही टिकलं नाही. पुढच्या गल्लीत एक पोरगी दीप्तीकडे बोट दाखवून आईला काहीतरी म्हणाली आणि आईनं तिला आत ओढलं. दीप्ती वळली. म्हणाली, "ताई, तू जा समोर. मले बरं नाही वाटून राहिलं." आणि पाय ओढत घरी गेली.

दोन-तीन दिवस ती बाहेर आलीच नाही. रोशन कामावरून आला की त्याचा आवाज यायचा, तिचा नाही. पंचफुला एकटी वस्तीत फिरली. आता लोकांनी मान वळवून बघावं असं तिच्या मागे कुणी नव्हतं. जे हवं होतं ते मिळालं होतं. फक्त गोळ्या कुणी घेत नव्हतं. पिशवी सकाळी जेवढी भरलेली तेवढीच संध्याकाळी. ज्या घरांनी तिच्या हातून लेकरांच्या लसी घेतल्या त्या घरांनीही तिला दारातून परतवलं. एका बाईनं तर सरळ विचारलं, "जावेचा पाय असा करून आता आमच्या मागं लागली का?"

पंचफुला नदीच्या पुलाच्या कठड्यापाशी थांबली. खाली काळं पाणी, कडेला जलपर्णी, वर डासांचे घोंगावणारे पुंजके. तिला वाटलं, आपण बोललो ते वाक्य त्या डासांसारखंच घरोघर जाऊन बसलं.

रितिका मॅडमना खबर लागली. त्यांनी रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात पुन्हा सभा ठेवली. वस्ती जमली, ऐकायला कमी आणि तमाशा बघायला जास्त. दीप्ती आली नाही म्हणून मॅडम स्वतः जाऊन तिला घेऊन आल्या. ती मागच्या भिंतीला टेकून बसली, पाय लुगड्याखाली लपवून.

मॅडमनी समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग बायजाबाई उठली.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहा. पण हे आम्ही मनानं नाही म्हटलं. ही पंचफुलाच म्हणे, गिरणीवर. दीप्तीनं दरसाल गोळ्या घेतल्या अन् पाय काही कमी झाला नाही."

सगळ्या माना फिरल्या. पंचफुलानं भिंतीकडे पाहिलं नाही; पण दीप्ती आपल्याकडे बघते आहे हे तिला मानेमागून कळलं.

"हो," ती म्हणाली. "म्हटलं मी. पण अर्धंच म्हटलं. गोळ्यायच्या आधीच तिले रोग होता. सुजलेला पाय गोळीनं उतरत नाही, पण रक्तातले जंतू मरते, अन् तिच्यापासून दुसऱ्याले होत नाही. हे मले माहीत होतं. मी सांगतलं नाही."

"काहून नाही सांगतलं?" कुणीतरी विचारलं.

बायजाबाईनंच तिची सुटका केली, पण दुसऱ्याच खड्ड्यात ढकलून. "ते जाऊ दे. तू सांग, तू घेते का वं या गोळ्या?"

खरं म्हणजे पंचफुलानं गोळ्या कधीच घेतल्या नव्हत्या. पहिल्या वर्षी ती गरोदर होती, आणि गरोदर बाईला देत नाहीत. पुढच्या वर्षी वाटलं, चक्कर आली तर घरं कोण फिरेल. मग सवयच पडली. दुसऱ्याला देणाऱ्याला स्वतःला काही होत नाही, असंच जणू ती धरून चालली होती.

"नाही," ती म्हणाली. "आज घेतो."

"जेवण झालं का तुमचं?" मॅडमनी विचारलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. ती काही बोलायच्या आत मागून दीप्ती उठली, लंगडत घरी गेली आणि ताटलीत पोळी आणि वांग्याची भाजी घेऊन आली. पंचफुलानं सगळ्यांसमोर खाली मान घालून ती खाल्ली. मग मॅडमनी तिला उंची मोजायच्या खुणांच्या काठीपाशी उभं केलं, जसं ती आजवर वस्तीला उभं करत आली होती, आणि म्हणाल्या, "दीप्तीताई, तुम्हीच द्या."

पंचफुलाला वाटलं, धरणी दुभंगावी. याहून बायजाबाईच्या हातून घेतलेल्या पत्करल्या असत्या. दीप्तीनं तिच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. बोटं थंड होती. तिनं पंचफुलाच्या डोळ्यांत पाहिलं नाही, फक्त म्हणाली, "ही चावून खा, बाकीच्या गिळ." पंचफुलानं चावली आणि गिळल्या.

दिवस मावळायच्या आत तिला हुडहुडी भरली. डोकं ठणकायला लागलं, सांधे धरले, उलटी झाली. संघपालनं दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. अंगणात बायका जमल्या. पंचफुलाला आतून त्यांची कुजबुज ऐकू येत होती, "पाह्यलं? धडधाकट बाई होती." तिला वाटलं, संपलं. आता या वस्तीत कुणी एक गोळी घेणार नाही.

मग तिला दीप्तीचा आवाज ऐकू आला. दारातून, विहारात पहिल्यांदा बोलली होती तसाच, फारसा न चढवलेला.

"घाबरू नका. गोळी खराब असती तर मॅडमनं दिली असती का? ज्याच्या रक्तात जंतू राहते त्याले असा ताप येते. जंतू मरून राहिले तिचे. रक्त साफ असतं तर काहीच झालं नसतं."

अंगणातली कुजबुज थांबली. कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे पंचफुलालेबी होतं?"

गोधडीखाली पंचफुला हे ऐकत होती. त्या तापातही तिला तो अंघोळीचा दिवस आठवला आणि ती जास्तच थरथरली. ज्या पायासाठी ती जळत होती तो पाय तिच्या अंगात वाट बघत बसला होता. काय माहीत अजून किती वर्षं बसला असता, आणि मग एक दिवस वर आला असता.

सकाळी मॅडम आल्या, बोटातलं रक्त पट्टीवर घेतलं. पट्टीवर दोन रेषा उमटल्या. "रोग होताच," मॅडम म्हणाल्या. "वेळेवर घेतल्या. पुढच्या वर्षीही घ्यायच्या, विसरायचं नाही." दुसऱ्या दिवशी ताप उतरला. संध्याकाळी पंचफुला अंगणात येऊन बसली, अशक्त, पण ठीक. तिला बसलेली बघून आधी बायजाबाई आली आणि म्हणाली, "आण वं तुह्या गोळ्या. माह्या रक्तात काय आहे तेबी कळू दे." मग तिच्या मागे तिची सून, मग शेजारची.

सगळे गेल्यावर अंगणात दोघीच राहिल्या. दीप्ती पाय पाटावर घेऊन बसली होती.

"काहून म्हटलं वं ताई तसं?" दीप्तीनं विचारलं.

पंचफुलानं खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "जळत होती मी तुह्यावर."

"ते माहीत होतं मले."

"कवापासून?"

"पाय धुणं सोडलं तवापासून." दीप्तीनं पाटावरचा पाय सरळ केला. मग म्हणाली, "मीबी जळली तुह्यावर. लय. तू माहा पाय धुवे नं, तवा मी मान फिरवून बसो. तुले वाटे, लाजून राहिली. लाज नव्हती ते. तू धुऊन झालं की टुणकन उठे अन् पिशवी घेऊन निघून जाये. मले ते उठणं पाहवत नव्हतं. एखाद वेळी वाटे, हिले होऊन जावं, मंग समजन."

ती हे बोलली आणि दचकून पंचफुलाकडे पाहू लागली. पट्टीवरच्या दोन रेषा दोघींनाही आठवल्या. पंचफुलाला राग यायला हवा होता. आला नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला. ती उठली, बादलीत पाणी घेतलं, साबण आणला.

"राहू दे," दीप्ती म्हणाली, "तुह्या अंगात ताकद नाही."

"बस गप," पंचफुला म्हणाली.

मोहिमेची मुदत वाढवून मिळाली होती. उरलेल्या घरांना दोघी मिळून गेल्या, आणि यंदा वस्तीत नाही म्हणणारी घरं बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. महिनाभरानं मॅडमनी दोघींना कन्हानला एका सभेला नेलं. दीप्तीनं पाय दाखवला, ठरलेलं बोलली, लोक गप्प झाले. मग पंचफुला उठली. तिनं ताप कसा आला ते सांगितलं. हुडहुडी सांगितली, उलटी सांगितली, गोधड्या सांगितल्या. लोकांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारी म्हणाली, "अगं माय." पंचफुलाला सुटलेलं थांबवेना. पट्टीवरच्या दोन रेषांपाशी तर ती अशी थांबली की मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. सभा संपल्यावर बायका तिच्याभोवती जमल्या आणि दीप्ती खुर्चीवर एकटीच बसून राहिली.

परतीच्या ऑटोत दीप्ती बाहेर बघत होती. कामठी मागे पडली तरी बोलेना.

"काय झालं वं?" पंचफुलानं विचारलं.

"काही नाही," दीप्ती म्हणाली. "तू भल्लं लांबवलं आज. उलटीचं एवढं सांगाचं काही काम नव्हतं."

पंचफुलानं तिच्याकडे पाहिलं. तो आवाज तिला चांगला ओळखीचा होता; दोन वर्षं तो तिच्या स्वतःच्या गळ्यात होता. तिला हसू आलं, पण ती हसली नाही. ती सरकून बसली आणि दीप्तीला पाय लांब करायला जागा करून दिली.